पुस्तकात नसलेलं कुत्रं

१

मी पुस्तकं शिवणारा माणूस. वाचणारा नव्हे. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक्केचाळीस वर्षं बाइंडर म्हणून काढली. फाटकी पुस्तकं यायची. त्यांची पाठ सोलायची, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, दाभणाने भोकं पाडून दोरा ओवायचा, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि शिकंज्यात आवळून ठेवायचं. आत काय लिहिलंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. कुलपं बनवणारा काय प्रत्येकाच्या घरात शिरतो?

बायको मात्र वाचणारी. तीही मला वाचनालयातच भेटली. एक दिवस खिडकीपाशी येऊन तावातावाने म्हणाली, "चाळिसाव्या पानापुढे सत्तावन्नावं पान आलंय. कुठल्या गाढवाने शिवलंय हे?"

मी म्हणालो, "गाढव हजर आहे."

ती हसली. लग्न झालं. त्यानंतर ती हसायची ती बहुतेक पुस्तकात बघून. मी कामावरून आलो की हातातलं पान संपवायची आणि मग वर बघायची. आधी पान, मग नवरा. सकाळी ज्याची पाठ मी माझ्या हाताने शिवली, तेच संध्याकाळी माझ्या घरात माझ्या जागेवर बसलेलं. सवतीला निदान दारातून हाकलता तरी येतं.

आठ वर्षांपूर्वी तिची नजर गेली. पूर्ण नाही. मधली गेली, कडेची राहिली. सरळ बघितलं की काळा डाग, तोंड फिरवलं की कडेला थोडंफार दिसतं. म्हणून ज्याला बघायचं असेल त्याच्याकडून ती तोंड फिरवते. नवख्या माणसाला वाटतं बाई रुसली. मला सवय झाली. ती खिडकीकडे तोंड करून बसली की समजायचं, आपल्याकडे बघतेय.

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आता खरं लिहायला बसलोच आहे तर लिहितो. मला आतून जरासं बरं वाटलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोटच्या मुलीलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला वाचून दाखवायला लागलो. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असायचं. तीनच्या ठोक्याला पलंगाशेजारी खुर्ची, ओळीखाली बोट, आणि दर चार शब्दांनी खाकरणं. जोडाक्षर आलं की माझी गाडी अडायची. अडली की ते वाक्य सोडायचं आणि त्या जागी आपल्या मनचं काहीतरी ठोकून द्यायचं. तिला काय दिसणार होतं?

हिरव्या पुठ्ठ्याची एक जाडजूड कादंबरी होती, एका नावाड्याची. तिच्या तिसऱ्या पानावर मी असा रुतलो की पुढे सरकेना. ती वाट बघत होती. मी म्हणालो, "तेवढ्यात तिथे एक कुत्रं आलं."

"कसलं?"

"वाकड्या शेपटीचं. नावाडी त्याला वाकड्याच म्हणायचा."

ती अशी हसली, की मला लाज वाटली आणि आनंदही झाला. मग काय, चारशे पानं ते कुत्रं हललं नाही. नावेत बसलं, पुरात वाहून गेलं, परत आलं, नावाड्याच्या सासऱ्याला चावलं. ती कादंबरी मी तिला पाच वेळा वाचून दाखवली. दर वेळी तीच मागायची. पुस्तकात कुत्रं नाही हे जगात फक्त मला माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच ती पुस्तकाला नाही, मला हसत होती. तिला ते ठाऊक नव्हतं एवढंच.

२

गेल्या वर्षी वाचनालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. स्वभावाने चांगल्या, त्यामुळे त्यांच्यावर रागावणंही जड जायचं.

"काका, आपण ऑनलाइन सेवा वाढवतोय," त्या म्हणाल्या. "घरबसल्या पुस्तक घ्या, घरबसल्या मुदत वाढवा. ज्यांना दिसत नाही किंवा जिना उतरवत नाही, त्यांना घरबसल्या वाचून दाखवणार."

"कोण वाचणार?"

"आवाज."

"कोणाचा?"

"कोणाचाच नाही हो काका. मशीनचा."

महिन्याभरात माझी मागची खोली रिकामी झाली. शिकंजा उचलायला चार माणसं लागली. त्या जागी टेबलं आली, टेबलांवर पडदे आले, आणि मला भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन घरी पाठवलं. घरी आधीच एक घड्याळ होतं. आता दोन आहेत आणि दोघांचं पटत नाही.

आठवड्याने बाई स्वतः आमच्याकडे आल्या. तीन जिने चढून, धापा टाकत. हातात काळी काचेची पाटी. मी तिला पाटीच म्हणतो, शाळेत माझ्याकडे होती तेवढीच होती. वाचनालय ती घरात अडकलेल्या वाचकांना वापरायला देत होतं.

"मावशी, काही करायचं नाही," बाई बायकोला म्हणाल्या. "पुस्तकाचं नाव घ्यायचं, तो वाचायला लागतो. थांबवायचा असला की मधोमध अंगठा दाबायचा. बस्स."

"अंगठा तर ह्यांचा," बायको म्हणाली. "सही करताना अजून विचार करतात."

दोघी हसल्या. मी चहा ठेवायला आत गेलो. जायची गरज नव्हती.

आवाज तीन होते. पहिला बाईचा, दुसरा पुरुषाचा, तिसरा म्हाताऱ्या माणसाचा. तिने तिन्ही ऐकले. दुसरा वाचायला लागला आणि ती टेकून बसली. लोण्यासारखा वाचत होता मेला. खाकरणं नाही, अडणं नाही. जोडाक्षरावरून नुसता घसरत जायचा.

"काय सुरेख वाचतो हो," ती म्हणाली. मग आठवण झाल्यासारखं, "तुम्हालाही आता आराम."

आराम! चार दशकं मी पुस्तकांवर जळलो. आता काचेवर जळायची वेळ आली.

३

दुपारी तीन वाजता मला घरात बसवेना. मी चपला घालायचो, खाली उतरायचो, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचो आणि परत यायचो. पत्र टाकायचं नसायचं. नुसता त्या पेटीकडे बघून यायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

एका दुपारी परत येताना दुसऱ्या जिन्यावरून वरचा आवाज ऐकला. पाटी वाचत होती. पण सरळ वाचत नव्हती. चार शब्द, मग थांबणं. चार शब्द, मग थांबणं.

मला बरं वाटलं. म्हटलं, बिघडली. इंटरनेट तुटत असणार. बाई म्हणाल्याच होत्या, आमच्या इमारतीच्या जाड भिंतींमुळे कधी कधी तुटतं. मी दोन पायऱ्या हलक्या पावलांनी चढलो. दम लागू नये म्हणून कठड्याला धरून उभा राहिलो आणि तेव्हा ऐकलं.

आवाज खाकरला.

इंटरनेट तुटलं तर आवाज तुटतो. खाकरतो कशाला?

मग तो म्हणाला, "नावाड्याने... दोर सोडला. वाकड्या आधीच नावेत... जाऊन बसला होता. सासरा म्हणाला, आधी हे कुत्रं उतरव, मग मी... चढतो."

आणि आमची ही खळखळून हसली.

मी वर गेलो. दार लोटलेलं होतं. ती पलंगावर बसली होती, मांडीवर पाटी. आवाज बंद झाला होता.

"कोणता आवाज लावलास हा?" मी विचारलं.

"मी कुठे लावला? आपला आपण लागतो. तीनच्या सुमाराला." ती पाटी चाचपत म्हणाली. "त्या तिघांपैकी नाही वाटतं. चौथा असेल."

"तूच काही सांगितलंस का त्याला? कुत्र्याबद्दल?"

"त्याला काय सांगायचं? तो वाचतोय, मी ऐकतेय." मग म्हणाली, "हा बरा आहे. दुसरा फार गुळगुळीत वाचायचा. कंटाळा आला."

४

मी म्हातारा असेन, खुळा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात जाऊन मी हिरवी कादंबरी मागितली. ती माझीच शिवलेली. पाठीवरचा दोरा बघूनच ओळखली. माझी जुनी खोली पडद्यांनी भरलेली होती. एका कोपऱ्यात बसून मी पानामागून पान बोट फिरवत गेलो. वाचणं दूरच, मी फक्त एक शब्द शोधत होतो. कुत्रं. दीड तास लागला. नावाडी होता, सासरा होता, पूर होता. चारशे बारा पानांत कुत्र्याचा केससुद्धा नव्हता.

मी बाईंकडे गेलो. "ही कादंबरी तुमच्या मशीनवर लावून दाखवा. तिसरं पान."

त्यांनी लावली. लोण्यासारखं वाचन. नावाड्याने दोर सोडला, सासरा चढला, नाव हलली.

"कुत्रं?" मी म्हणालो.

"कुठलं कुत्रं, काका?"

"काही नाही. चौथा आवाज लावा."

"आवाज तीनच आहेत." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तीन गोल होते, एकाखाली एक. "का हो? मावशींना काही त्रास होतोय का?"

"नाही," मी म्हणालो. "ती मजेत आहे."

परत येताना मी डोकं चालवलं. वय झालंय, तिने काय ऐकलं आणि मी काय ऐकलं याचा भरवसा नाही. जिन्यात आवाज घुमतो. खालच्या मजल्यावरचा म्हातारा दिवसभर खाकरत असतो. पाच वेळा ऐकलेली गोष्ट तीच बडबडत असेल, झोपेत. असं सगळं मी मनात नीट रचलं, फर्म्यावर फर्मा ठेवतात तसं. शिवायला घेतलं की दोरा टिकेना. वाकड्या सासऱ्याला नावेत चढू देत नाही, हे मी तिला कधीच वाचून दाखवलेलं नव्हतं. ते मला सुचलंच नव्हतं. आणि ते चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी अंगाचा तिळपापड झाला.

५

त्या आठवड्यात तिचं वागणं बदललं. अडीच वाजले की चाचपत उठायची, वेणी घालायची, चादर ओढून नीट करायची. इतक्या वर्षांत माझ्या वाचनासाठी तिने कधी वेणी घातली नव्हती.

"कोण येणार आहे का?" मी कुजकटपणे विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही आपले जा, टपालपेटी बघून या."

मग माझं डोकं फिरलं. मी पाटी उचलली, काखेत मारली आणि थेट वाचनालयात नेऊन, दुपारच्या बंद वेळेत आतच काम करत बसलेल्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती जमा करून घेतली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मी समोर उभं राहून ते कुलूप ओढून बघितलं.

"मावशी नाराज होतील हो," बाई म्हणाल्या.

"होऊ देत. तिला नवरा आहे."

परत आलो तेव्हा सव्वातीन झाले होते. दुसऱ्या जिन्यावर माझे पाय थांबले.

वर वाचन चालू होतं.

चार शब्द. खाकरणं. चार शब्द.

मी चढलो. दार लोटलेलं, बोटभर फट. फटीतून खोलीचा पलंगाकडचा भाग दिसत होता. ती उशीला टेकून बसली होती आणि तोंड खिडकीकडे होतं. म्हणजे ती खुर्चीकडे बघत होती. खुर्ची रिकामी होती. ह्या डोळ्यांनी बघितलं, रिकामी होती, आणि आवाज तिच्यातूनच येत होता.

मी चपला काढायला वाकलो. नजर जमिनीवर गेली आणि खुर्ची कडेला राहिली. तेव्हा एक कोपर दिसलं. कोपरापर्यंत दुमडलेली बाही, खाली हात, आणि बोटांवर वाळलेली खळ, पांढरी, पापुद्रे सुटलेली. माझे हात दोन महिन्यांपासून स्वच्छ होते.

मी मान वर केली. आवाज थांबला. खुर्चीवर काही नव्हतं.

आत गेलो. बसायची गादी मधे खचलेली होती. ती नेहमीच खचलेली असते, एवढी वर्षं मीच तर बसत होतो.

"का थांबलात?" ती म्हणाली. "पाणी प्यायला उठलात का?"

माझ्या घशाला कोरड पडली होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"बरं केलंत पाटी परत दिलीत. त्यापेक्षा तुम्हीच वाचलेलं बरं." तिने हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. "आज वाकड्याची काय गंमत केलीत हो! एवढं कुठून सुचतं तुम्हाला?"

तेव्हा सांगायला हवं होतं की मी नव्हतो. पण इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा माझं कौतुक केलं होतं, आणि मी ते दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्लं.

६

त्यानंतर मी रोज पावणेतीनला घराबाहेर पडायचो आणि पावणेचारला परत यायचो. मधला तास दुसऱ्या जिन्यावर बसायचो. कुणी शेजारी आला तर बुटाची लेस बांधतोय असं दाखवायचो. पायात चपला असायच्या.

आत जायची हिंमत नव्हती असं नाही. आत जाऊन काय करायचं ते कळत नव्हतं. भांडणार कोणाशी? तो माझाच आवाज होता. माझंच अडणं, माझंच खाकरणं, माझंच कुत्रं. पण गोष्ट त्याची पुढे गेली होती. वाकड्याला पिल्लं झाली. वाकड्या कुत्री निघाली. ही हसून हसून धाप लागेपर्यंत हसायची आणि मी जिन्यावर दात खात बसायचो, कारण मला पुढचं ऐकायचं होतं.

एके दिवशी गोष्टीत नावाड्याची बायको आजारी पडली. आवाज खाली आला. मी चार पायऱ्या वर सरकलो.

"नावाडी तिच्या... उशाशी बसला," तो म्हणाला. "म्हणाला, तुझी नजर गेली ना, तेव्हा मला... बरं वाटलं होतं. वाटलं, आता तू... माझ्याकडे वळशील. हे मी कोणाला... सांगितलं नाही."

माझा हात कठड्यावर होता. कठडा थंड लोखंडाचा. तो हातात गरम व्हायला लागला इतका मी आवळून धरला.



मग ती म्हणाली, "माहीत आहे मला. त्याच दिवशी कळलं होतं. पाठीवर हात ठेवलात ना, त्यावरून." आणि मग, सहज, चहात साखर सांगावी तसं, "जाऊ द्या. वाचा पुढे."

त्या संध्याकाळी ती माझ्याशी फार मायेने वागली. माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण चाचपत चाचपत लावून दिलं. दोनदा सुई बोटाला टोचली. आठ वर्षं मी ते ओझं बाळगलं, आणि ज्याने ते कधी बाळगलं नव्हतं त्याने चार वाक्यांत उतरवून टाकलं. माफी त्याला मिळाली. बटण तेवढं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी बाईंच्या टेबलासमोर उभा होतो.

"मला वाचायला शिकवा," मी म्हणालो. "नीट. न अडता."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "काका, तुम्हाला येतं की वाचता."

"ते वाचणं नव्हे. ते त्यालाही येतं."

"कोणाला?"

"तुम्ही शिकवणार का सांगा."

महिनाभर, रोज सकाळी तासभर, माझ्याच जुन्या खोलीत, पडद्यांच्या रांगेत, हिरवी कादंबरी उघडून. बाई जोडाक्षर फोडून दाखवायच्या, मी जोडायचो. चुकलो की त्या पहिल्यापासून वाचायला लावायच्या. मग त्यांनी कानात घालायची यंत्रं दिली. दुसरा आवाज लावायचा आणि त्याच्या मागोमाग म्हणायचं. तो थांबेल तिथे थांबायचं, तो चढेल तिथे चढायचं. माझं खाकरणं गेलं. खरंच गेलं. एक दिवस मी पहिली वीस पानं एका दमात वाचली आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"काका, अगदी आपल्या सेवेतल्या आवाजासारखं वाचता हो तुम्ही आता!"

मला वाटलं, जिंकलो. तो अजून अडखळतो. मी अडखळत नाही. ती काय निवडेल, यात शंकाच नव्हती.

७

त्या दिवशी मी बाहेर गेलो नाही. अडीचला ती उठली, वेणी घातली, चादर ओढली. पावणेतीनला मी खुर्चीत जाऊन बसलो, त्याच्या आधी. हिरवी कादंबरी मांडीवर. खोलीत ऊन होतं, पलंगाच्या पायथ्यापर्यंत. दोन्ही घड्याळं चार मिनिटांच्या अंतराने चालत होती. पहिल्यात तीन वाजले. मी दुसऱ्याची वाट बघितली नाही.

मी वाचायला लागलो.

इतकं छान मी आयुष्यात काही केलेलं नाही. दोन्ही पुठ्ठे सरळ, शिवण एकसारखी, कुठे खळ बाहेर आलेली नाही, असं वाचन. बोट ओळीखाली ठेवावं लागलं नाही, हात पानावर नुसता पसरलेला होता. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर नावाड्याने दोर सोडला, सासरा चढला, नाव हलली. छापलंय तसंच. मी पान उलटलं आणि कौतुकासाठी वर बघितलं.

ती सरळ माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत डोळे घालून.

मला क्षणभर आनंद झाला. मग कळलं. तिचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती. मी त्या काळ्या डागात बसलो होतो. ती बघत होती ते माझ्या उलट्या बाजूला, भिंतीकडे, जिथे पलंग भिंतीला टेकलेला आहे आणि मधे पुस्तकाची पाठसुद्धा मावत नाही.

"अहो," ती म्हणाली. माझ्याशी नाही. "पाटी कधी परत आणलीत?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"तुम्ही असताना ही कशाला लावलीत?" ती हसत होती, लाडाने. "आणि बघा, ह्याने कुत्रं गाळलं. छापल्याप्रमाणे वाचतोय. मला काय माहीत नाही, पुस्तकात कुत्रं नाही ते? डोळे होते तेव्हा दोनदा वाचलंय मी हे. म्हणून तर सारखी हेच मागायची. जे छापलंय ते मला पाठ आहे. मला तुमचं हवं असायचं."

अगं, मीच आहे, असं मला म्हणायचं होतं. गाढव हजर आहे, असं म्हणायचं होतं. पोटातून जोर करून म्हणालो. बाहेर पडली ती चौथ्या पानाची पहिली ओळ. स्वच्छ, भरदार, एकही अक्षर न अडता. मी जीभ चावली. दुसरी ओळ आली. मी खाकरून बघितलं. खाकरणं येईना. घसा काचेसारखा साफ होता.

"थांबा, मी बंद करते," ती भिंतीला म्हणाली.

तिचा हात चादरीवरून सरकत माझ्याकडे आला. आधी पुस्तकाचा कोपरा लागला, मग पान, मग पानावर पसरलेला माझा पंजा. तिने तो चाचपला. बायको नवऱ्याचा हात धरते तसं नव्हे. वस्तूची कड शोधतात तसं. मग अंगठा मधोमध टेकवला आणि दाबला.

मी शब्दाच्या मधेच थांबलो.

तिने हात मागे घेतला, उशी नीट केली आणि टेकून बसली. ऊन आता पलंगाच्या मध्यापर्यंत आलं होतं. ती वाट बघत होती. मी हलू शकत नव्हतो, बोलू शकत नव्हतो, आणि लाज सोडून लिहितो, मीही वाट बघत होतो.

मग पलंगाची भिंतीकडची बाजू हळूच दबली.